किल्ली उलटी फिरते

या. पायरी सांभाळा, तिसरी झिजली आहे,
तिच्यात पाणी साचतं आणि चिमण्या अंघोळ करतात.
किल्ली माझ्याकडे असते, दीड वीत लांब.
पोस्टात होते तेव्हा टपालाच्या पिशवीत ठेवायचे,
आता पावाच्या.

बाहेरच्या फलकावर सगळं आहे, सनावळीसकट.
ते वाचलंत ना? मग ते मी सांगत नाही.

हा उत्तरेचा मनोरा. दक्षिणेचा
गुडघ्यापर्यंत आला आणि थांबला.
लोकरीला भाव होता तोवर
नदीपलीकडून बैलगाड्यांनी दगड येत राहिले.
मग भाव पडला.
सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही,
बिशपलाही नाही.
पाचशे वर्षं आम्ही त्याला 'नवा मनोरा' म्हणतो.

दारावरच्या या बारा जणांना मुंडकी नाहीत.
क्रांतीच्या एका हिवाळ्यात
कातडी कमावणाऱ्यांच्या गल्लीतून कुणी शिडी घेऊन आलं.
शिडी चर्चचीच होती.
अकरा डोकी नदीत गेली. बारावं सापडलं
माझ्या लहानपणी, गोदफ्र्वा पाववाल्याच्या तळघरात.
चार पिढ्या त्यांच्या घरच्या बायका
आंबवायच्या कोबीवर दाब म्हणून तेच ठेवत होत्या.
खारानं नाक गेलं, हसू शाबूत.
आता संग्रहालयात असतं. मंगळवारी बंद.

घंटा पाच होत्या, चारांच्या तोफा झाल्या.
पाचवी चिरकी, तिला तोफेनंही घेतलं नाही.
म्हणून आमची दुपार अशी वाजते.

चौकातला दगड पाहिलात?
लेस्क्यूर, लेस्क्यूर, लेस्क्यूर, पहिल्या युद्धाचे.
आणि खाली, दुसऱ्या हातानं कोरलेला, आणखी एक.
कोरणाऱ्याला अक्षरामागे पैसे मिळत.
त्या शेवटच्याचे त्यानं घेतले नाहीत.

आता वर बघा.
एकोणचाळीसच्या ऑगस्टात ही सगळी काच उतरवली,
गवतात गुंडाळून खोक्यांत भरली,
द्राक्षवाल्यांच्या तळघरात सहा वर्षं.
माझी आई एर्मांस तेव्हा सतराची.
अक्षर चांगलं, म्हणून आकडे घालायला खडू तिच्या हातात.
आमच्याकडे एकाच्या डोक्यावर तिरपी रेघ असते,
म्हणून साताच्या पोटातून आडवी ओढावी लागते,
नाहीतर दोघं जुळे.
एका साताची ती राहून गेली.
'मी खोक्याकडे बघत नव्हते,' ती सांगायची,
'स्टेशनकडे बघत होते.'
गाडीत कोण होतं, ते नाही सांगायची.
माझे वडील नव्हते, एवढं खरं.
चौकातून जाताना ती चाल हळू करायची.
मी विचारलं नाही.

काच परत चढवताना दोन अकरा निघाले,
सतरा कुठेच नाही.
कामगार दमले होते, बसेल तसं बसवलं.
ती तिसरी ओळ: संत नदी ओलांडतोय
आणि त्याच्या पायाखाली, पाण्याच्या जागी,
गाढवाचा कान.
पलीकडच्या चित्रात बिचाऱ्या गाढवाच्या डोक्यावर
मूठभर नदी.

पॅरिसहून एक बाई आल्या होत्या, दुर्बीण घेऊन.
दोन दिवसांचं काम, म्हणाल्या.
नगरपालिकेत ते चर्चेला आलं.
गोदफ्र्वाचा नातू उठून म्हणाला,
त्या जनावराला तहान लागत असेल, असू द्या.
ठराव बारगळला.

ऑक्टोबरात साडेदहाच्या सुमारास
ऊन त्या चुकीच्या तुकड्यातून येतं.
निळा डाग पडतो चौथ्या बाकावर,
डावीकडून दुसऱ्या जागी.
आई साठ वर्षं तिथेच बसली,
मांडीवर दोन निळे हात घेऊन,
पाद्री काय म्हणतोय ते न ऐकता.

बसा ना थोडा वेळ.
ती नको. तिच्या शेजारची.

निघताना दार दोन्ही हातांनी ओढावं लागतं.
आणि थांबा, कुलूप मीच लावते,
इथे किल्ली उलटी फिरते.